छाप्यामागची गावं

महाराष्ट्रातले वाद इथे जकार्तात पोचतात ते बहुतेक पुतळ्यांचे: उंची किती, खर्च किती, श्रेय कोणाचं. इंडोनेशियाचे सरसेनापती सुदिरमान यांचा पुतळा इथेही भर रस्त्यात उभा आहे. पण डचांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यातलं त्यांचं युद्ध पाहिलं की आपल्या वादातून काय निसटतं ते दिसतं.

१९ डिसेंबर १९४८ ला डच छत्रीधारी सैनिकांनी मागुवोचा विमानतळ घेतला आणि त्याच दिवशी प्रजासत्ताकाची तेव्हाची राजधानी योग्यकर्ता पडली. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि उपराष्ट्राध्यक्ष हत्ता कैद झाले. सुदिरमान ३२ वर्षांचे होते, क्षयाने पोखरलेले. फुप्फुसाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. तरी ते निसटले आणि सात महिने बहुतेक डोलीतून फिरत लढाई चालवली.

हे ऐनवेळचं धाडस नव्हतं. जुलै १९४७ मध्ये रस्ते अडवून फळी धरण्याचा डाव डचांच्या वाहनांपुढे फसला होता. म्हणून १९४८ मध्येच नवी आखणी झाली: फळी धरायची नाही, पूल तोडायचे, प्रत्येक तुकडीने नेमून दिलेल्या मुलखात शिरून तिथेच टिकायचं. टिकायचं तर भात, डोलीला खांदेकरी, निरोपे, डचांची खबर हे सगळं गावानेच पुरवायचं. संशय आला की डच गाव पेटवत, म्हणून फार काळ एका जागी थांबणंही धोक्याचं. शेवटी पाचितानजवळच्या डोंगराळ सोबो गावात मुक्काम जमला; तिथून निरोप्यांमार्फत योग्यकर्त्याशी संपर्क राहत होता.

१ मार्च १९४९ ला सकाळी सहाला संचारबंदी उठल्याचा भोंगा वाजला. तोच इशारा. गनिमांनी योग्यकर्ता सहा तास ताब्यात ठेवलं आणि दुपारी सोडलं. शहर राखायचं नव्हतंच. फौज जिवंत आहे हे जगाला दाखवायचं होतं.

या हल्ल्यातले एक अधिकारी सुहार्तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या राजवटीत हल्ल्याचं श्रेय त्यांच्याकडेच ओढलं गेलं. २०२२ मध्ये १ मार्च राष्ट्रीय दिन ठरला तेव्हा हुकमात त्यांचं नावच नव्हतं, आणि पुन्हा वाद पेटला. खांदेकऱ्यांची नावं दोन्ही बाजूंनी कोणी विचारली नाहीत, याची मला चीड येते.

युनेस्कोने २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. तिथे फलक लागतील तेव्हा लढायांबरोबर गडाचा साठा सांभाळणारा कारखानीस, अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार, पाण्याची टाकी आणि गडाभोवतीच्या घेऱ्यातली राखणदार गावं नावानिशी यावीत. ती नावं दप्तरांतून शोधायला पुतळ्यापेक्षा खूपच कमी पैसा लागेल.