तिकडे कोण बघतंय!

सर्वप्रथम अभिनंदन. आफ्रिकेत जाऊन तेल काढायचं तुम्ही मनावर घेतलंत हे ऐकून आनंद झाला. फ्लॅट घेऊन झाले, शेअर बाजारात हात पोळून झाले, आता तेल. क्रम बरोबर आहे. मी नायजेरियात पोर्ट हारकोर्टच्या आसपास तेलविहीर खणणाऱ्या रिगवर काम करतो. गेल्या आठवड्यात मुंबईहून एक मेल आला, तेव्हापासून सल्ले द्यायची फार खुमखुमी आली आहे. मेलचं पुढे सांगतो, आधी तुमचं बघू.

पहिली गोष्ट, आफ्रिका हा एक देश आहे असं धरून चाला. कामाला सुटसुटीत पडतं. अल्जीरियाचं वाळवंट, अंगोलाचा खोल समुद्र, नायजर डेल्टातली खारफुटीची दलदल, सगळ्यांना मिळून एक स्लाइड पुरते. तिच्यावर सूर्यास्त आणि जिराफ टाका. (डेल्टात मी आजवर जिराफ पाहिलेला नाही.)

दुसरी, वेळापत्रक आत्मविश्वासानं मांडा. युगांडात अल्बर्ट सरोवराकाठी २००६ मध्ये तेल सापडलं. तेल असं मेणचट, की साध्या तापमानाला थिजून बसतं. म्हणून होइमापासून टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंत १,४४३ किलोमीटरची पाइपलाइन, आणि ती सबंध लांबीभर तापवत न्यायची. स्लाइडवर ही एक छानशी लाल रेघ असते. पहिलं तेल आधी २०१८ ला येणार होतं, मग २०२० ला, मग २०२५ ला. रेघेखाली ज्यांच्या जमिनी आल्या त्यांना मोजणी झाल्यावर सांगितलं, की आता बारमाही पीक लावू नका. भरपाई आली ती काही वर्षांनी. तोवर त्यांनी काय खाल्लं हे स्लाइडवर दाखवायची पद्धत नाही.

गुंतवणूक कधी करावी, हे विचारता? खणायच्या आधी घ्यावी आणि खणायच्या आधीच विकावी. मोझांबिकच्या रोवुमा खोऱ्यातल्या गॅसमध्ये १० टक्के हिस्सा कोणाचा होता आठवतंय का? आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा. टीव्ही-फ्रिजवाले. त्यांनी तो २०१३-१४ मध्ये ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाला २४७.५ कोटी डॉलरला विकला. त्याच सुमारास ओएनजीसी विदेशनं आणखी १० टक्के २६४ कोटी डॉलरला घेतले. भारत पेट्रोलियमचा हिस्सा धरला तर तिथं ३० टक्के आपण आहोत, म्हणजे तुम्ही-आम्ही. पुढे मार्च २०२१ मध्ये पाल्मा गावावर हल्ला झाला, माणसं मारली गेली, महिन्याभरात प्रकल्पाला कुलूप लागलं ते २०२५ च्या अखेरीपर्यंत. आपल्या जहाजात तिथला गॅस अजून भरायचाय. फ्रिजवाल्यांनी वेळेवर काढता पाय घेतला, तेवढंच शिकण्यासारखं.

सुदानमध्ये बांधलेल्या पाइपलाइनचे पैसे मागू नका. ओएनजीसी विदेशनं मागून पाहिले, लवादापर्यंत गेले.

स्थानिक भागीदार निवडताना थेट मंत्र्यालाच धरावं, मधले दलाल वाचतात. ओपीएल २४५ नावाचा खोल समुद्रातला ब्लॉक १९९८ मध्ये नायजेरियाच्या तेलमंत्र्यांनी मालाबू नावाच्या कंपनीला देऊन टाकला. कंपनीत पडद्याआड कोण होतं? तेच मंत्री. २०११ मध्ये शेल आणि इटलीची एनी यांनी त्या ब्लॉकसाठी १३० कोटी डॉलर मोजले. सरकारी खात्यातून फिरून त्यातले बहुतेक मालाबूकडे पोचले. मिलानमध्ये कित्येक वर्षं खटला चालला, २०२१ मध्ये सगळे निर्दोष सुटले. लागोसच्या विमानतळावर माझ्याकडे ‘ओगा (म्हणजे साहेब), एनीथिंग फॉर युवर बॉईज?’ म्हणून दोन हजार नायरा मागणारा शिपाई मात्र भ्रष्ट. त्याच्यावर आपण घरी फोन करून अर्धा तास बोलतो.

गॅसचं काय करायचं? जाळायचा. तेलाबरोबर वर येणारा गॅस जाळायला नायजेरियात १ जानेवारी १९८४ पासून बंदी आहे, मंत्र्यांची खास परवानगी असेल तरच सूट. बंदीच्या दिवशी जन्मलेलं पोर आज चाळिशी ओलांडून गेलंय आणि ज्वाळा चालू आहेत. गावात वीज नाही, पण ज्वाळेमुळे रात्रही नाही. छपराचे पत्रे गंजून जातात. शहरात प्रत्येक कंपाउंडमध्ये जनरेटर धडधडतो आणि त्याच्या डिझेलसाठी रांग. कच्चं तेल विकून पेट्रोल आयात करायचं, हे कित्येक दशकं चाललं. लागोसजवळ दांगोटे या इथल्या उद्योगपतीची रोज साडेसहा लाख बॅरलची रिफायनरी २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा कुठं जरा फरक पडला. तिच्या उभारणीत आपली इंजिनिअर्स इंडिया होती, हे अभिमानानं सांगावं. सांगून झालं की जनरेटरमध्ये डिझेल आहे का बघावं.

तेल सांडलं तर? ‘तोडफोड’ हा शब्द पाठ करा. लोकांनी पाइप फोडून गळती झाली असं कागदावर आलं की कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही, असा इथला कायदा आहे. पाहणीला होडी कंपनीची, तज्ज्ञ कंपनीचा, फॉर्म कंपनीचा. चोरी होत नाही असं म्हणायचं नाही मला. चोरी प्रचंड होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी तेल कंपनीनंच जाहीर केलं, की फोरकाडोस टर्मिनलपासून समुद्रात जाणारी चार किलोमीटरची बेकायदा लाइन सापडली आणि ती नऊ वर्षं चालू होती. नऊ वर्षं! समुद्रात चार किलोमीटर पाइप टाकायला बार्ज लागते, वेल्डर लागतात, पाणबुडे लागतात. ते काय होडीतून मासे विकणाऱ्या बाईनं टाकलं? पण कागदावर चोर म्हणून फोटो येतो तो रात्री ड्रममध्ये कच्चं तेल उकळणाऱ्या पोराचा, ज्याची काजळी पोर्ट हारकोर्टच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

आणि जिथं पाइप जुने होऊन गळतात तिथं? डेल्टातल्या बोडो गावी २००८ मध्ये दोनदा गळती झाली. खाडी काळी झाली, मासेमारी संपली. लोकांना लंडनला जाऊन दावा लावावा लागला, तेव्हा २०१५ मध्ये शेलनं साडेपाच कोटी पौंड दिले. बोडो ज्यात येतं त्या ओगोनीलँडवरचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल २०११ चा. एका वस्तीतल्या विहिरीच्या पाण्यात बेंझिन जागतिक मर्यादेच्या ९०० पट निघालं, आणि सगळी सफाई व्हायला पंचवीस-तीस वर्षं लागतील असं त्यात लिहिलंय. हे ज्यानं वीस वर्षं आधी ओरडून सांगितलं त्या ओगोनी लेखक केन सारो-विवाला १० नोव्हेंबर १९९५ ला आणखी आठ जणांबरोबर याच पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिली. मी भाजी आणायला जातो ते हे शहर.

सगळं आटपलं की जमिनीवरचा धंदा विकून खोल समुद्रात जावं. शेलनं मार्च २०२५ मध्ये तेच केलं. समुद्रात गावं नसतात.

आता तो मेल.

विहिरीच्या तोंडावर बीओपी, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर असतो. काही टनांचं कुलूप समजा. खालून गॅसचा दाब उसळला, ज्याला आम्ही किक म्हणतो, की त्याचे दोन जबडे पाइपभोवती बंद होतात आणि विहीर रोखली जाते. जबडे पोलादाचे, पण गॅस अडतो तो त्यांच्या तोंडाला बसवलेल्या रबरामुळे. ते रबर तेलमिश्रित मडमध्ये (खणताना विहिरीत फिरवतात तो चिखल) आणि उष्णतेत राहून फुगतं, कडक होतं, त्याला चिरा जातात. म्हणून ठरावीक दिवसांनी दाब देऊन टेस्ट करायची, चार्टवर रेघ सरळ राहिली पाहिजे. आमची रेघ घसरली. रबर बदलायला हवं, स्टोअरमध्ये नाही. मी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र टाकला, फोटो पाठवले, चार्ट पाठवला.

परचेसमधून उत्तर आलं: बजेट पुढच्या तिमाहीत. तोपर्यंत कमी दाबाला टेस्ट घ्या, पास होईल. तिकडे कोण बघतंय?

हे लिहिणारा गृहस्थ सज्जन आहे. माझ्या मुलीच्या बारशाला आला होता. मुंबई हायवर असताना त्यानं हे वाक्य तोंडातून काढलं नसतं, कारण तिथं बघणारे आहेत आणि तिथं त्याच्या ओळखीची पोरं काम करतात. ते रबर रिगच्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा स्वस्त आहे. त्याहून महागडं जेवण मागच्या शिष्टमंडळाला अबुजात घातलं होतं, ज्यात सूपपासून आइस्क्रीमपर्यंत एकच विषय होता, की या लोकांना सेफ्टी कल्चर नाही.

‘या लोकांना’. आमचा टूलपुशर, म्हणजे रिगवरचा मुकादम, डेल्टातल्या वारी शहराचा आहे. सगळी हयात रिगवर गेलेली. मी त्याला मेल दाखवला. म्हटलं, वरून आलंय, कमी दाबाच्या चार्टवर सही कर. त्यानं कागद बघितला, पेनाचं टोपण लावलं, म्हणाला, ‘ओगा, आय नो फिट साइन धिस वन.’ म्हणजे, यावर मला सही करता येणार नाही. त्याची नोकरी महिन्या-महिन्याच्या करारावर आहे. तीन पोरं शाळेत आहेत. नायराचं काय झालंय तुम्हाला माहीत असेल: २०२३ च्या जूनपर्यंत सरकारी भाव डॉलरला पाचशेच्या आत होता, पुढच्या फेब्रुवारीत पंधराशेच्या वर गेला. त्याच पगारात तो माणूस ‘नाही’ म्हणाला. ‘करा ॲडजस्ट’ म्हणणारा अंधेरीत एसीत बसलाय.

मे २०२० मध्ये दोन विहिरी फुटल्या. एक आसामात, बाघजानला, ऑइल इंडियाची. सिमेंटचा प्लग पुरता सेट व्हायच्या आत बीओपी उतरवला होता, असं पुढे चौकशीत आलं. म्हणजे ‘तिकडे’ चालतं म्हणतात ते आपण घरातही करून दाखवलेलं आहे. दोन अग्निशमन कर्मचारी गेले, गावं उठवावी लागली, शेजारच्या पाणथळ तळ्यातले मासे मेले. सिंगापूरहून तज्ज्ञ आले, हरित लवाद मागे लागला, टीव्हीवर रोज आग दिसली आणि नोव्हेंबरमध्ये विहीर बंद झाली. त्याच मे महिन्यात नायजेरियात ओंडोच्या किनाऱ्यासमोर ओरोरो-१ फुटली. तिला सहा महिन्यांनी कोणी विझवलं नाही, वर्षानंही नाही. चार वर्षं उलटली तरी ती जळत होती. तुम्ही नाव तरी ऐकलं होतं? त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये शेवरॉनसाठी खणणारी केएस एन्डेव्हर रिग अशीच पेटली. दोघे गेले, आग ४६ दिवस चालली. गॅस जमीन बघून दाब कमी-जास्त करत नाही. आसामातलं खडकातलं पोट आणि डेल्टातलं पोट यात रबराला काही फरक कळत नाही.

कोण बघतंय म्हणता? सांगतो. रिग फ्लोअरवर रात्रपाळीला उभा असतो तो रफनेक, म्हणजे रिगवरचा कामगार, बघतोय. मड पिटावरचा पोरगा बघतोय, किक आली की पातळी पहिल्यांदा त्यालाच वाढलेली दिसते. कुंपणापलीकडे कसावा लावणारी बाई बघतेय. ऑगस्ट २०२२ मध्ये तेल भरायला इकडे आलेल्या ‘हिरोइक इडुन’ टँकरवरचे १६ भारतीय खलाशी बघत होते. आधी इक्वेटोरियल गिनीत, मग नायजेरियात अडकले, सुटायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. तेव्हा घरोघरी रडारड झाली, खासदारांना पत्रं गेली. आपली माणसं असली की आपल्याला बरोबर दिसतं. फक्त आपली असली तर.

मला सल्ले-बिल्ले द्यायचे नाहीत आता. लाज वाटू द्या थोडी. इथं धंदा अवघड आहे, मान्य. बंदरात खोकी अडकतात, दर दरवाज्यावर हात पुढे येतो, डॉलर मिळत नाही, बिलं थकतात, रस्ता पावसात वाहून जातो. हे सगळं मी रोज भोगतो आणि कोणाहीपेक्षा जास्त शिव्या देतो. पण रबर न बदलायचं कारण यातलं एकही नाही. ते पैसे वाचवायचं ठरवलं मुंबईत, आणि नाव लावलं आफ्रिकेचं. लंडननं, पॅरिसनं साठ-सत्तर वर्षं हेच केलं. त्यांच्यावर आपण चर्चासत्रात टाळ्या घेतो, वसाहतवाद म्हणतो, दक्षिणेकडचे भाऊ-भाऊ म्हणतो, आणि उतरल्या दिवसापासून त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसतो. खुर्ची पुसूनसुद्धा घेत नाही.

ज्यांना कमी दाबाची टेस्ट पुरते असं वाटतं, त्यांच्यासाठी चार्टवर सहीची जागा मोकळी ठेवली आहे. स्वतः यावं, पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घालावी. सही झाली की खाली उतरायचं नाही. रात्रपाळी सहाला सुरू होते, ती संपेपर्यंत फ्लोअरवर आमच्यात उभं राहायचं. तिकिटाचे पैसे माझ्या पगारातून कापा.