‘कचऱ्याला अत्तर’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. पेट्रोलियम सल्फोनेट, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ, त्यावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही परवा रात्री जी कमेंट टाकलीत ती मी दोनदा वाचली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: ‘रिफायनरीच्या कचऱ्याला अत्तर लावून विकायचा हा धंदा, त्याचं कौतुक कसलं करता’, ‘ॲसिड स्लज (तेल शुद्ध करताना उरणारा आम्लाचा गाळ) कुठे जातो ते सोयीस्कर गाळलंत’, ‘व्हाइट ऑइल (रंगहीन शुद्ध तेल) आता हायड्रोजनने करतात, तुमची माहिती जुनी’, ‘साधं सल्फ्युरिक नव्हे, ओलियम (त्याहून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड) वापरतात’, आणि शेवटी ‘कधी प्लांटमध्ये पाऊल ठेवलंय का?’

ओलियमचं तुमचं बरोबर आहे. माझी चूक झाली, पोस्टमध्ये दुरुस्ती केलीये.

पण कचऱ्याला अत्तर? हे वाक्य मी सोडणार नाही. आधी माल काय आहे ते बघा तरी. लिक्विड पॅराफिनसारखं पाण्यासारखं स्वच्छ व्हाइट ऑइल करायचं तर तेलातले ॲरोमॅटिक (बेंझिनसारखी कडी असलेले रेणू) काढावे लागतात, म्हणून ओलियम घालायचं, त्यातून सल्फोनिक ॲसिड तयार होतात. स्लज खाली बसतो. काही सल्फोनिक ॲसिड पाण्यात विरघळणारी, ती त्या स्लजबरोबर जातात, त्यांना ग्रीन ॲसिड म्हणतात, आणि काही वर तेलातच राहतात, लालसर तपकिरी, म्हणून त्यांचं नाव महोगनी ॲसिड. आता गंमत बघा, हीच महोगनी ॲसिड सुरुवातीला रिफायनरीवाल्यांच्या डोक्याला ताप होती, कारण कास्टिक सोड्याने तेल धुवायला घेतलं की त्यांचा साबण व्हायचा आणि तेल-पाणी असं काही घट्ट मिसळून बसायचं की वेगळं होता होत नसे. मग कुणाला तरी सुचलं की जे तेल-पाणी वेगळं होऊ देत नाही तेच तर आपल्याला हवंय. अल्कोहोल-पाण्याने तो साबण तेलातून ओढून घ्यायचा, अल्कोहोल उडवून परत वापरायचं, खाली उरतं ते सोडियम पेट्रोलियम सल्फोनेट. यात अत्तर कुठे लावलं? जो गुण तेल धुताना नडत होता तोच कामाला लावला, एवढंच केलं, आणि याला मी कौतुकच म्हणणार.

आणि ‘पाऊल ठेवलंय का’ विचारताय म्हणून सांगतो, नाहीतर स्वतःबद्दल लिहायची मला सवय नाही. भोसरीत एका कटिंग ऑइलच्या (मशीनवर धातू कापताना वापरायच्या तेलाच्या) ब्लेंडिंग युनिटमध्ये मी 14 वर्षं काढलीत. सल्फोनेटचा ड्रम थंडीत उघडलाय कधी? काकवीसारखं दाट, उलटा केला तरी हलत नाही, आधी गरम करायला लागतं, आणि अंगावरच्या शर्टाला लागलं की तो शर्ट गेला. बेस ऑइलमध्ये ते, थोडं फॅटी ॲसिडचं साबण, कप्लर (सगळं एकजीव ठेवणारा), बायोसाइड (जंतू मारणारं), असं जमवून सोल्युबल ऑइल, म्हणजे पाण्यात मिसळणारं तेल होतं, ते पाच टक्के पाण्यात टाकलं की लेथवरचं ते पांढरं दूध.

एकदा आमची एक बॅच चाकणच्या एका जॉब शॉपमध्ये (ऑर्डरप्रमाणे सुटे भाग करून देणाऱ्या कारखान्यात) फाटली. टाकीवर बोटभर पिवळा थर, खाली ताकासारखं पाणी, आणि मशीनच्या स्लाइडवर गंजाचे ठिपके. मालकाने माझा हात धरून त्या ठिपक्यावरून बोट फिरवायला लावलं, एक शब्द बोलला नाही. बोअरचं पाणी निघालं, जड, त्यातलं कॅल्शियम सल्फोनेटला जाऊन चिकटतं आणि इमल्शन, म्हणजे ते तेल-पाण्याचं दूध, मोडतं. पाणी न तपासता माल दिला ही चूक आमची होती. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाचं पाणी बाटलीत घेतल्याशिवाय माल पाठवू दिला नाही. हे पुस्तकात वाचून येत नाही साहेब, आणि रात्री अकराला कमेंट टाकून तर मुळीच नाही.

जुन्या माहितीचं म्हणाल तर हो, हायड्रोजनने व्हाइट ऑइल होतं, त्यामुळे हा नैसर्गिक माल कमी झाला आणि सिंथेटिक सल्फोनेट आलं, हे मला ठाऊक आहे. पण नैसर्गिक मालात लहान-मोठे सगळे रेणू मिसळलेले असतात, त्यामुळे तो इमल्शनही धरतो आणि लोखंडावर बसून गंजही अडवतो, एका मालात दोन कामं. ज्याने वापरलंय त्याला विचारा.

स्लजचं म्हणाल तर तो विषय मोठा आहे, पोस्ट इमल्सिफायरवर, म्हणजे तेल-पाणी मिसळून ठेवणाऱ्या मालावर होती, सगळं एका पोस्टमध्ये बसत नाही. ‘सोयीस्कर गाळलंत’ हा शब्द मात्र मला लागला. मी काही लपवत नाही, मला कुणी पैसे देत नाही, रात्री मुलं झोपल्यावर बसून लिहितो. मुद्दा मांडायचा असेल तर मांडा, माणसाला खोटारडं ठरवायची काय गरज होती?

तुमची कमेंट उडवलेली नाही, उडवणारही नाही. आणि खरंच खात्री करायची असेल तर कुठल्याही लेथवाल्याकडून वाटीभर सोल्युबल ऑइल आणा, काचेच्या ग्लासात आरओचं पाणी घ्या, दुसऱ्यात बोअरचं, आणि तेल पाण्यात सोडा, पाणी तेलात नको, जेलीसारखे गोळे होतील. दोन्ही ग्लास रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचा थर बघून मग इथे लिहा.