स्वखर्चाने काळं पाणी

अंदमान म्हटलं की आमच्या गावाला एकच गोष्ट ठाऊक. मे महिन्यात कधीतरी टीव्हीवर बातमी येते, 'मान्सून अंदमानात दाखल'. मग 44-45 अंशांत भाजत पारावर बसलेली मंडळी, पाहुणा फाट्यावर यष्टीतून उतरल्यासारखी टोप्या नीट करतात. प्रत्यक्षात त्या पाहुण्याला तिथून यवतमाळ जिल्ह्यात पोचायला आणखी तीनेक आठवडे लागतात, आणि वाटेत कुठे रुसला तर आमची दुबार पेरणी. अशा ठिकाणी कोणी हौसेनं जातो, तोही पाच एकर कोरडवाहूवाला, हे पारावर कोणाच्या पचनी पडेना.

"तो सोताच येऊन रायला ना बाप्पा इकडे. तुमी काऊन जाता?" शेजारच्या काकांनी विचारलं.

कारण पोराचा निबंध. पोरगा चौथीत. विषय 'मी पाहिलेला समुद्र'. त्यानं पाहिलंय बेंबळा धरण. त्यानं लिहिलं, 'समुद्र खूप मोठा असतो. पावसाळ्यात त्याची दारे उघडतात. तेव्हा खालच्या गावांनी सावध राहावे.' गुरुजींनी लाल पेनानं 'छान' असा शेरा दिला. गुरुजींनीही समुद्र पाहिलेला नसावा. बायकोनं ती वही माझ्या ताटाशेजारी आदळली. लग्नाला सोळा वर्षं झाली. आमचा प्रवास म्हणजे शेगाव, माहूर आणि एकदा चिखलदरा. चिखलदऱ्याला दोन्ही दिवस धुकं होतं, त्यामुळे ते पाहिलं असंही म्हणता येत नाही.

मी अलिबाग सुचवून पाहिलं. नववीतल्या पोरीनं भूगोल काढला. "बाबा, तिथं एकाच बाजूनं पाणी असते." एकदाच जायचं तर चारही बाजूंनी पाणी हवं, असा घराचा ठराव झाला.

राहिली माय. आमच्याकडे ळ चा य होतो, त्यामुळे तिच्या तोंडी ते 'कायं पानी'.

"अंदमान म्हंजे कायं पानीच ना रे?"

"हो."

"अन् तिथं जाले पैसे आपूनच भराचे?"

"हो, माय."

"अगुदर तं सरकार फुकट नेत होतं."

मग तिला सेल्युलर जेलचं सांगितलं. इंग्रजांनी 1906 मध्ये ते बांधून पुरं केलं, सावरकर तिथे 1911 पासून दहा वर्षं होते, कैद्यांना बैलाच्या जागी घाण्याला जुंपत. माय गप्प झाली. तिच्या माहेरी जवसाची घाणी होती. "बैलाले बी दुपारी सोडत होते आमच्याकडं," म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मले घेऊन चाल. ते घानी पायची हाये मले." झाले पाच जण.

बजेट मी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाच्या मागे मांडलं. घरात नऊ क्विंटल कापूस. लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 प्रमाणे बायकोनं वर्षभर न मोडलेले 18,000. तिच्याच बचत गटातून 20,000. म्हणजे बहीण आणि गट मिळून मला अंदमानला नेणार, आणि मी बॅगा उचलणार. कापूस 7,200 नं धरला तर 64,800. एकूण 1,02,800. लाखाच्या वर आकडा गेल्यावर मी पाकिटाला नमस्कार केला.

आता खरी गोम. नऊ क्विंटल कापूस म्हणजे नऊ क्विंटल पैसे नव्हेत. भाव वाढेल या आशेवर तो समोरच्या खोलीत छपरापर्यंत भरलेला होता, आणि आम्ही सगळे त्याच्या कडेकडेनं अंग खाजवत झोपत होतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता, पण खेडा खरेदीवाला दारात येतो तो वेगळाच आकडा घेऊन. दुसरीकडे विमानाचं तिकीट. पोरगी मोबाईलवर ते बघायची, मी कापसाचा भाव बघायचो. सकाळी चहाबरोबर दोन्ही बाजार उघडायचे.

"बाबा, चेन्नईवरून पाच हजार चारशे."

"कापूस सात हजार शंभर. थांब."

"बाबा, पाच हजार नऊशे झालं."

"कापूस सात हजार पन्नास. थांब."

मी आयुष्यभर बाजार पाहिलाय. पण सकाळी आंग धुवायला जाताना एक भाव आणि पुसून येताना दुसरा, असा बाजार पाहिला नव्हता. आणि अडत्याला निदान म्हणता येतं, 'भाऊ, मागच्या शुक्रवारचा भाव लावा.' मोबाईलला काय म्हणणार? मी पोरीला विचारलं, थोडा इसार देऊन भाव बांधून घेता येतो का. ती म्हणाली, "बाबा, पूर्णच पैसे भरा लागते. अन् नाही गेलो तर जवळपास सगळेच बुडते." म्हणजे सौदाही त्यांचा, काटाही त्यांचा.

त्यात पाचही जणांचं पूर्ण तिकीट. यष्टीत आमचा मान वेगळा आहे. बायकोला अर्धं, पोरीला अर्धं, मायला अर्धं, पोरगा दहा वर्षांचा म्हणून त्यालाही अर्धं. यष्टीच्या लेखी आमच्या घरात पूर्ण माणूस एकटा मीच. विमानात दोन वर्षांवरचं लेकरू म्हणजे जवळजवळ पुरा माणूस. पोराला हे कळल्यापासून तो घरात काम ऐकेनासा झालाय.

स्वस्तातला मार्ग म्हणून मी जहाजाचीही चौकशी केली. चेन्नईहून जहाज जातं, साध्या बंकचं तिकीट खरंच परवडतं, पण पोचायला तीनेक दिवस, आणि महिन्यात फेऱ्या मोजक्याच, त्याही कधी ते आधीपासून धरून चालता येत नाही. बायको म्हणाली, "तीन दिवस जायाले, तीन दिवस याले. पाहाचं कवा?" मायला तर बंडीत बसलं तरी मळमळतं. विषय संपला.

मग बेटांचा हिशोब. मी दोन रात्री हॅवलॉक, दोन रात्री स्वराज द्वीप असा बेत मांडला आणि पाकीट मोठ्या तोऱ्यात पोरीकडे दिलं. ती इतकी हसली की माय घाबरून आतून बाहेर आली. 2018 मध्ये हॅवलॉकचंच नाव स्वराज द्वीप झालं, नील बेटाचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही 2024 पासून श्री विजयपुरम. म्हणजे मी एका बेटावरून त्याच बेटावर जायला बोटीचे पाच तिकिटांचे पैसे धरले होते. यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. आमच्या गावात प्रत्येकाला एक नाव घरचं आणि एक आधारवरचं असतं. बंड्याला शोधत आलेल्या पोस्टमनला बंड्याचं खरं नाव सांगितलं, तर बंड्याची बायकोही 'असं कोणी इथं राहत नाही' म्हणेल. बेटांनी तेच केलं तर बिघडलं कुठे?

महिना ठरवणं त्याहून अवघड. दिवाळीच्या सुटीत सोयाबीन काढून घेणं आणि कापसाचा पहिला वेचा. डिसेंबर-जानेवारीत तूर, आणि तिकडे नेमका गर्दीचा हंगाम. मार्च-एप्रिलात परीक्षा. शाळा आणि वावर, दोन्ही एकदम मोकळे असा काळ म्हणजे मे. नांगरलेलं वावर तापत पडलेलं असतं, माणसाला नुसतं घाम पुसायचं काम. तिकडे मात्र मे म्हणजे हंगाम उलगत आलेला, समुद्र खवळला तर बोटी रद्द, पण हॉटेल स्वस्त. पर्यटक जेव्हा परत निघतात तेव्हा आम्ही जाणार. पाऊस अंदमानात उतरायच्या आत आपण तिथून निघायचं, आणि त्याच्या आधी घरी पोचून सरक्या लावायच्या तयारीला लागायचं. पाऊस मागे आणि आम्ही पुढे.

फेब्रुवारीच्या एका रात्री तिकीट सहा हजार दोनशेला पोचलं. बायको कापसाच्या खोलीच्या दारात उभी राहून नुसती बघत राहिली, बोलली काहीच नाही. सकाळी खेडा खरेदीवाल्याला बोलावलं. 7,200. खोली रिकामी झाली, पोरीनं दहा मेची तिकिटं काढली, खाज थांबली. पाच दिवसांनी कापूस 7,450 झाला. म्हणून मी मन घट्ट करून तिकीट बघितलं. ते प्रत्येकी सहाशेनं उतरलं होतं. अडीचशे नव्वे किती आणि सहाशे पाचे किती, हे पोराला पाढ्यात विचारू नये, असं मी घरात सांगून ठेवलंय.

रेल्वेची आणखी तऱ्हा. विमानाचं तिकीट तीन महिने आधी मिळालं, पण रेल्वेचं आरक्षण उघडतं साठ दिवस आधी. सेवाग्रामहून जीटी एक्सप्रेसनं चेन्नईला जायचं, तर ते उघडलं त्या सकाळी गावात लाइन नव्हती. टॉवरची रेंज आली तोवर आमची पाच नावं वेटिंगला. म्हणजे समुद्र ओलांडायची सोय पक्की झालेली आहे. वर्धा ओलांडायची अजून नाही.

तयारी जोरात आहे. विमानात माणशी पंधरा किलो आणि हातातल्या बॅगेत सात. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी मोजायचा काटा आम्ही कडुलिंबाला लटकवलाय, त्याच्या आकड्याला रोज संध्याकाळी बॅगा टांगतो. मायची बॅग पहिल्या दिवशी एकवीस किलो भरली. उघडली तर ज्वारीचं पीठ, कुरडया, गुळाची ढेप आणि तिखटाचा डबा. तिखट जवळच्या बॅगेत चालत नाही, हत्यारात धरतात, असं पोरीनं सांगितलं. मायला पहिल्यांदा विमान कंपनीबद्दल आदर वाटला. "त्याइनं खाल्लं असन कवातरी," ती म्हणाली. तिथे पहाटे पाचच्या सुमारास दिवस निघतो आणि संध्याकाळी सहाच्या आत मावळतो, हेही तिला आवडलं. "मंग तिथले लोक कामाचे असतीन." पोरगा पाठीला डबा बांधून विहिरीत पोहतो, तो डबा कुठल्या बॅगेत बसवायचा, यावर रोज रात्री भांडण होतं.

पारावरची मंडळीही आता पाघळलीत. कोणी शंख आण म्हणतो. तिथले शंख-प्रवाळ उचलून आणायला मनाई आहे म्हटलं, तर "मंग जाता कायले?" काल शेजारचे काका मुद्दाम घरी आले. चहा घेतला, बॅगा काट्याला टांगलेल्या पाहिल्या, आणि उठताना हळूच जवळ येऊन म्हणाले, "दहा तारखेले चालले ना? तिथं ढग दिसले का फोन करजो. लगेच कर, रात्र असो का काही. मी बियाणं घेऊन ठेवतो."