आपली गाडी डोळा मारते, सबब

मागच्या मंगळवारी दाराच्या फटीतून सोसायटीच्या लेटरहेडवरचा एक कागद आत सरकला. विषय: आपले वाहन रात्री-अपरात्री पार्किंगमध्ये डोळा मारते त्याबाबत. खाली, 'सबब आपणांस कळविण्यात येते की सदर वाहनाच्या वर्तनात सात दिवसांचे आत सुधारणा करावी, अन्यथा' एवढंच. अन्यथाच्या पुढे प्रिंटरचा टोनर संपला होता. अन्यथा काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि पत्रापेक्षा मला त्याचाच जास्त राग आहे.

गाडी १९९० ची माझदा एमएक्स-५. जन्म हिरोशिमाच्या कारखान्यातला, जपानात हिचं नाव युनोस रोडस्टर. दोन माणसांची, कापडी छताची, १५९७ सीसीचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, वजन हजार किलोच्या आत. कोणीतरी परदेशातून कायमचं परतताना घरसामानाबरोबर आणली आणि हातोहात फिरत ती ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगात येऊन टेकली. बनवणाऱ्यांनी हिच्यासाठी 'जिन्बा इत्ताई' असा शब्द वापरला होता, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. घोडबंदर रोडवर घोड्याला पळायला जागा नाही. मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेनं, स्पीडब्रेकर तिरके ओलांडत जायचं. आधी एक चाक, मग दुसरं, नाहीतर पोट घासतं.

हिचे हेडलाइट बॉनेटमध्ये झोपलेले असतात. लावले की उठतात, बंद केले की झोपतात. १९९८ मध्ये पुढची पिढी आली तिला हे कौतुक नाही, ती उघड्या डोळ्यांनीच जन्मली. जुनीच्या प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर असते आणि मेख अशी, की ही मोटर उलटसुलट फिरत नाही. एकाच दिशेनं फिरते. मोटरच्या दांड्यावरची क्रँक, म्हणजे दिव्याला ढकलणारी छोटी आडवी पट्टी, अर्धा फेरा मारते तेव्हा दिवा वर, उरलेला अर्धा मारते तेव्हा खाली. कुठे थांबायचं हे मोटरच्या पोटातली तांब्याची चकती ठरवते. तिच्यावर बारीक पट्ट्या घासत असतात आणि चकतीला खाच आहे तिथे करंट तुटतो. तीस-पस्तीस वर्षांत चकतीवरचं ग्रीस वाळतं, त्यात तांब्याचा चुरा मिसळून काळा गोंद होतो. वरून पाणी. मग करंट तुटायच्या जागी तुटत नाही, मोटर आपला थांबा चुकवते, पुढे जाऊन पुन्हा करंट मिळतो, पुन्हा फेरा. चावी काढून घरी नेली तरी हे चालू राहतं, कारण गाडी बंद केल्यावर दिव्यांना निजता यावं म्हणून त्यांना बॅटरीतून थेट पुरवठा दिलेला असतो.

हे सगळं मी सेक्रेटरीसाहेबांना रविवारी सकाळी साडेनऊला पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलं. साहेब सहकारी बँकेतून निवृत्त. 'स्थळपाहणी'साठी आले होते. हातात इतिवृत्ताची वही, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

"कोणता डोळा?"

"डावा."

"हा?" त्यांनी पेनानं दाखवलं. "हा तर उजवा आहे."

"तुम्ही समोर उभे आहात म्हणून. गाडीची डावी-उजवी ड्रायव्हरच्या सीटवरून धरतात. पार्ट मागवताना इथेच लोक चुकतात आणि उलट्या बाजूचा येतो."

"पार्ट तुम्ही मागवा. तक्रार समोरून बघणाऱ्याची आहे. तक्रारदारानं काय पाहिलं?"

"उजवा."

त्यांनी लिहिलं: उजवा. मग जरा विचार करून कंसात: डावा. मग कंसाखाली लाल रेघ.

"किती वेळा मारतो?"

"मोजलं नाही. मला कळलं तेच सकाळी बॅटरी उतरलेली बघून."

"वॉचमननं मोजलंय."

वॉचमननं खरंच मोजलं होतं. त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं एकच रजिस्टर, म्हणून त्यातच लिहिलं होतं. नाव: गाडी. कोणाकडे: कोणी नाही. कारण: डोळा. आत १२.०४, बाहेर १२.०५. आत १२.०५, बाहेर १२.०६. अशी दोन पानं. शेवटची नोंद २.१०, फक्त 'बाहेर'. दिवा अर्धवट उठलेला असताना बॅटरी संपली. आत आल्याची नोंद नसल्यामुळे साहेबांच्या हिशेबी तो डोळा अजून बाहेरच आहे.

"हे हेतुपुरस्सर होतं का?"

"कोणाकडून?"

"आता गाडीकडून तर नाही ना म्हणणार मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डोळा मारणं आणि डोळा लवणं यात फरक आहे. मारणं ऐच्छिक, लवणं अनैच्छिक. लवणं असेल तर कारवाईचा प्रश्न वेगळा."

"लवणं लिहा मग."

तेवढ्यात तळमजल्याच्या ग्रिलमधून काकू म्हणाल्या, "अहो, बाईमाणसाचा डावा डोळा लवला तर शुभ असतं. काय लावलंय सकाळी सकाळी?"

"गाडी बाई कशी?"

"ती गाडी," काकू म्हणाल्या.

साहेबांनी पेन बंद केलं. मला वाटलं संपलं. पण माणूस चाळीस वर्षं लेजर जुळवत आलेला. "पत्रात आपण 'वाहन' म्हटलंय," ते म्हणाले. "ते वाहन. नपुंसकलिंगी शब्दाला शकुन लागू होत नाही. आणि तसा लावायचाच झाला तर आधी डावा की उजवा हे ठरलं पाहिजे. तक्रारदाराच्या बाजूनं उजवा धरला तर अशुभ होतं."

दहा मिनिटं हे चाललं. शेवटी मी हमीपत्र द्यावं असं ठरलं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर. शंभरचा चालणार नाही का, असं विचारलं तर २०२४ पासून चालत नाही, म्हणाले. ते मात्र खरं आहे.

तक्रारदार कोण, हे मी विचारायच्या आतच काकूंनी सांगितलं. त्याच. पण त्यांनी डोळ्याचं नावच काढलं नव्हतं. "मी म्हटलं, रात्री खिडकीखाली घर्र घर्र होतं, झोप लागत नाही. डोळा यांनी घातला." म्हणजे मूळ तक्रार ध्वनीची होती. कमिटीनं तिला चारित्र्याची केली.

असा खेळ सुरू झाला तर पहिलं काम म्हणजे इंजिनाजवळच्या फ्यूज बॉक्समधला 'रिट्रॅक्टर' लिहिलेला फ्यूज उपटायचा. मोटरच्या वर रबरी टोपण असतं, त्याखाली हातानं फिरवायची गुंडी. फ्यूज काढल्याशिवाय तिथे बोट घालू नये, दिवा माणूस ओळखत नाही. गुंडी फिरवून दिवा वर आणायचा आणि तसाच ठेवायचा. मग डिकी उघडून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, दहाचा पाना लागतो. हिची बॅटरी डिकीतच असते आणि तिच्या वायूसाठी बाहेर जाणारी बारीक नळी असते. पुष्कळ लोक पैसे वाचवायला तिथे साधी ॲसिडची बॅटरी ठेवतात आणि नळी जोडत नाहीत. वर्षभरात डिकीचा पत्रा खालून सोलपटतो आणि मग पेंटरला शिव्या.

खरा वैताग स्क्रूचा. दिव्याभोवतीची प्लास्टिकची चौकट स्टारच्या स्क्रूंनी बसवलेली असते आणि जपानी गाडीचा स्टार हा आपला नेहमीचा फिलिप्स नव्हे. तो जेआयएस, जपानी मानकाचा. बघायला सारखाच, पण खाचेचा आकार वेगळा. आपला फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि डोकं भरडून ठेवतो. बऱ्याचशा जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, तो बघायचा आणि त्याच जातीचा स्क्रू ड्रायव्हर वापरायचा. गंजलेला असेल तर रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवावं, सकाळी स्क्रू ड्रायव्हर नीट बसवून बुडावर हातोडीचे दोन टोले द्यावेत, मग आधी घट्ट करायच्या बाजूला किंचित आणि नंतर सैल.

मी रात्री तेल सोडून ठेवलं होतं. पाहणीनंतर स्क्रू ड्रायव्हर आणायला वर गेलो आणि चार मिनिटांत खाली आलो, तर साहेब वाकलेले. हातात निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या टूलकिटमधला स्टार. "म्हटलं तुमचं काम हलकं करावं." पस्तीस वर्षं हिरोशिमाची खाच जपलेला स्क्रू वाटीसारखा गुळगुळीत झाला होता.

"स्क्रू डुप्लिकेट दिसतो," ते म्हणाले.

असा स्क्रू हॅक्सॉच्या पानानं आडवी खाच पाडून सपाट ड्रायव्हरनं काढावा लागतो. दीड तास गेला. शेजारच्या पत्र्यावर एक ओरखडा आला. तो कोणाच्या नावावर लिहायचा, हे इतिवृत्तात नाही.

पुढचं काम सरळ आहे, फक्त घाई नको. क्रँक सोडायच्या आधी ती आणि दांडा यांच्यावर रंगाची एकच रेघ मारून घ्यायची. न मारता सोडली तर परत बसवताना एखादा दाता इकडेतिकडे होतो आणि दिवा कायमचा पेंगुळलेला राहतो. मोटर बाहेर काढून झाकण उघडलं की आतलं काळं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्यांनी पूर्ण काढायचं. चकतीवर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं, तांबं चमकलं की थांबायचं. पट्ट्या वाकल्या असतील तर चिमट्यानं किंचित उचलायच्या. चकतीवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, तेही बोट पुसल्याइतकंच. गियरला लिथियमचं, भरपूर चालतं. दांड्याजवळचा रबरी सील एव्हाना खारी बिस्किटासारखा झालेला असतो. त्याच मापाचं ऑइल सील शोधायला वागळे इस्टेटमध्ये व्हर्नियर घेऊन जायचं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही मापं लिहून. 'माझदाचं द्या' म्हणालात तर दुकानदार चहा पाजतो आणि नाही म्हणतो. झाकणाच्या कडेला सिलिकॉन, दिव्याची अर्थिंगची तार खरवडून घट्ट. शेवटी बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर लावून बघायचं. सगळं बंद असताना ५० मिलीॲम्पिअरच्या वर जात असेल तर अजून कोणीतरी जागं आहे.

माझदानं स्वतः २०१७ मध्ये जपानात या पहिल्या पिढीसाठी रिस्टोरेशन सेवा जाहीर केली. कापडी छत, १४ इंची टायर पुन्हा बनवून घेतले. तिकडे कंपनीनं जुन्या गाडीचे टायर नव्यानं ओतून घेतले आणि इकडे तिच्या काचेवर मागच्या पावसाळ्यात फेविकॉलनं 'बेवारस वाहन' चिकटवलं होतं. ते कोमट पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवून काढावं लागतं. ब्लेडनं नाही.

आता मूळ मुद्दा. पाणी आलं कुठून? दिवा काही पाण्याला अगदीच नाजूक नसतो, हिरोशिमालाही पाऊस पडतो. पण आमच्या गच्चीचा पावसाळी पाइप दुसऱ्या मजल्याजवळ सांध्याला फुटला आहे आणि त्याची धार बरोबर माझ्या जागेवर, बरोबर डाव्या दिव्यावर पडते. गेल्या जूनपासून मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर पोच आहे. एकावर शेरा आहे: 'पाहू.' तीच धार पुढे छताच्या मागच्या पन्हळीत जाते. तिथे सीटच्या मागे दोन्ही बाजूंना निचऱ्याचं एकेक भोक असतं, त्यात आमच्या कबुतरांची पिसं. ते तुंबलं की पाणी दाराखालच्या पट्टीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत चाळणी झालेली असते. म्हणून पावसाआधी बोथट टोकाची नायलॉनची दोरी घालून भोकं साफ करायची. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारायची नाही, आतली नळी सुटते. मग प्रत्येक बाजूला अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतून मागच्या चाकापुढे तेवढंच खाली पडतंय का बघायचं. हे मी दर मे महिन्यात करतो. पाइपाला एक कॉलर आणि सोल्यूशनची छोटी ट्यूब लागते. तीही मीच आणली होती, पण सोसायटीच्या मालमत्तेला सभासदानं हात लावायचा नाही.

आणि आमच्या टाकीच्या पंपाचा फ्लोट स्विच दोन वर्षं अडकतोय. टाकी भरते, पंप थांबत नाही, रोज पहाटे जिन्यावरून धबधबा. दुखणं तेच, थांब्याचा करंट तुटत नाही. वॉचमन काठीनं स्विचला एक ठेवून देतो. पंपाला मात्र कोणी पत्र लिहीत नाही. पंपाच्या पाण्याचं बिल मेंटेनन्समध्ये येतं, 'इतर' या नावाखाली.

सोमवारी दिवा बसवला. बटण दाबलं, दोन्ही डोळे एकदम उठले, एकदम निजले. काकू ग्रिलमधून बघत होत्या.

"झाली का रे नीट?"

"झाली काकू. आता आवाज नाही येणार."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "शनिवारी नातू येणार होता. त्याला दाखवीन म्हटलं होतं."

मी उजव्या मोटरचा प्लग काढून बटण दाबलं. तसं केलं की एकटा डावा उठतो. काकू एवढ्या हसल्या की ग्रिलला धरून उभ्या राहिल्या. वॉचमननं सवयीनं रजिस्टर ओढलं.

पाइप अजून गळतो आहे, म्हणून डाव्या दिव्यावर मी दुधाच्या रिकाम्या पिशव्या उघडून, जोडून बांधल्या. आज सकाळी पुन्हा पत्र आलं आहे. सदर वाहनाच्या डोळ्यावरील पिशवी तात्काळ काढावी, आपली सोसायटी प्लास्टिकमुक्त आहे. डोळा कोणता, ते या वेळी त्यांनी लिहिलेलं नाही.