‘चौथ्या वर्षाच्या आत बाराखडी’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बालवाडीचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : चौथे वर्ष पूर्ण होण्याआधी मुलाकडून ‘अ’ ते ‘ज्ञ’ आणि बाराखडी पाठ करून घ्यावी, जितकी लवकर सुरुवात, तितके मूल पुढे, इंग्रजी माध्यमात घालायचे असल्यास घरी मराठी पुस्तके वाचू नयेत, मूल गोंधळते, आणि चार वर्षांच्या मुलाला अक्षरे येत नसतील तर ताबडतोब शिकवणी लावावी. हेतू भला असेल, पण यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

प्रथम पाठांतर. आपली वर्णमाला कंठ, तालू, मूर्धा अशा उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली आहे. ही रचना विलक्षण शास्त्रीय आहे, पण तो वाचन शिकण्याचा क्रम नव्हे. ङ, ञ, ण आणि ळ यांनी सुरू होणारा मराठी शब्दच नसल्यामुळे तक्त्यांना ‘बाणातला ण’ आणि ‘बाळातला ळ’ शोधावा लागतो. याउलट ‘ग म भ न’ या जुन्या, वळणाच्या साम्यावर बेतलेल्या क्रमाने शिकणारे मूल चारच अक्षरांत मग, मन, नभ, गमन हे अर्थपूर्ण शब्द वाचू लागते. बाराखडी सुरात म्हणणाऱ्या मुलासमोर सुटा ‘कि’ ठेवला की ते का अडते, हेही समजून घ्यावे : पहिली वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी, ऐकू येते मात्र नंतर. एकटा ‘र’ सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या या शब्दांत चार रूपे घेतो. हे सारे मुरायला वेळ लागतो. रचनेने देवनागरीला जवळच्या कन्नड लिपीचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनाही अक्षरांवर प्रभुत्व मिळवण्याची प्रक्रिया प्राथमिक शाळेत कित्येक वर्षे चालू असल्याचे आढळले.

अक्षरांच्या आधी कान तयार व्हावा लागतो, आणि त्यासाठी घरात वही लागत नाही. गावांच्या नावांच्या भेंड्या घ्याव्यात. ‘नाशिक’नंतर ‘कराड’, ‘कराड’नंतर ‘डहाणू’ सुचण्यासाठी मुलाला शब्दाचा शेवटचा तुकडा सुटा करून ऐकावा लागतो, आणि वाचनाचा पाया हाच आहे. ‘म’ने सुरू होणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू शोधण्याचा खेळही तेच काम करतो.

‘जितके लवकर तितके पुढे’ हे विधान तर प्रत्यक्ष पडताळून पाहिले गेले आहे. अमेरिकेत ९ ते १८ महिन्यांच्या ११७ बाळांवर वाचन शिकवणाऱ्या चित्रफिती आणि फ्लॅशकार्डांची सात महिने चाचणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळे वाचायला शिकली नाहीत, शिकली असा विश्वास मात्र पालकांना वाटू लागला. न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गटांच्या वाचनवेगात फरक उरला नव्हता. आपल्याकडील ‘निपुण भारत’ हे केंद्र सरकारचे पायाभूत साक्षरतेचे अभियानही समजून वाचण्याचे उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस ठेवते, बालवाडीच्या नव्हे.

गोंधळाची भीती सर्वांत नुकसानकारक आहे. शब्द ध्वनींचा बनतो, गोष्टीला आधी-नंतर असते, पानावरच्या खुणांना अर्थ असतो, ही समज एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत नव्याने मिळवावी लागत नाही. शिवाय आई-वडील किंवा आजी ज्या भाषेत सहज बोलतात, त्या भाषेतच ‘आता काय होईल?’, ‘तो का रुसला?’ असे प्रश्न विचारून गोष्ट रंगते. तुटक इंग्रजीत ‘धिस इज अ कॅट’च्या पुढे संभाषण जात नाही. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्यास प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. मुलाने तेच पुस्तक दहाव्यांदा मागितले तरी वाचावे. पुनरावृत्तीत शब्द पक्के होतात.

राहिली शिकवणी. चार वर्षांच्या मुलाला ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक कळत नाही, हे काळजीचे लक्षण नव्हे. परंतु ते छोटी वाक्ये बोलत नसेल, त्याचे बोलणे घराबाहेरच्यांना समजत नसेल किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटून श्रवणचाचणी करून घ्यावी. कानात वारंवार होणाऱ्या संसर्गामुळे कमी ऐकू येणे या वयात असामान्य नाही, आणि त्यावर उपचार होऊ शकतात.