एन्डर निर्दोष, मग दोषी कोण?

ऑर्सन स्कॉट कार्डची ‘एन्डर्स गेम’ ही कादंबरी 1985 सालची. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले, अमेरिकेच्या मरीन कोअरने ती आपल्या वाचनयादीत घातली. नाशिकच्या माझ्या जुन्या मित्रांनी यंदा ती वाचायला घेतली आणि त्यांच्यात अशी जुंपली की यॉर्कशरमध्ये बसून मलाही फोनवर बाजू घ्यावी लागली.

गोष्ट थोडक्यात सांगतो. कीटकांसारख्या परग्रहवासीयांनी पृथ्वीवर दोनदा हल्ला केलेला आहे. पुढच्या युद्धाला सेनापती हवा, म्हणून लष्कर हुशार पोरं लहानपणीच हेरून अंतराळातल्या प्रशिक्षणशाळेत नेतं. एन्डर हा त्यातलाच एक, नेला जातो तेव्हा सहा वर्षांचा असतो. शाळेचा प्रमुख कर्नल ग्राफ त्याला मुद्दाम एकटं पाडतो, बाकीच्या मुलांना त्याच्यावर चिडायला लावतो. शेवटी अंतिम परीक्षा म्हणून त्याच्याकडून जी लढाई खेळून घेतात, ती खरी असते. पोरगा पास होतो आणि एक अख्खी प्रजाती संपते. खरं काय ते त्याला नंतर सांगतात.

आमच्यातला एक जण गंगापूर रोडला सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचे क्लास घेतो. म्हणजे दहा ते बारा वर्षांची मुलं. त्याच्या विद्यार्थ्यांना कादंबरीतले सराव सामने आणि भिंतीवर लागणारी क्रमवारी फारच आवडली म्हणे. तो स्वतःही खूश. ‘‘अरे, पोरगं जिंकलं ना शेवटी? मग रडतोस कशाला?’’ देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले एक काका मात्र बिथरले. त्यांचं म्हणणं, सैनिकाला लक्ष्य ठाऊक असायलाच हवं, खोटं सांगून गोळा टाकायला लावणारा अधिकारी त्यांच्या लेखी अधिकारीच नाही. मला वाटलं होतं शिस्तीची बाजू काका घेतील. क्लासवाल्याने घेतली.

इथल्या वाचनालयातल्या गटात सूर एकच होता: बालछळ. एका बाईंनी तर मला आस्थेने विचारलं, तुमच्याकडे मुलांना असंच रगडतात ना परीक्षांसाठी? रगडतात, मी नाही कशाला म्हणू? पण आम्ही बसलो होतो तिथून हॅरोगेट हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या लष्करी कॉलेजात सोळा-सतरा वर्षांची मुलं सैनिक म्हणून भरती होऊन येतात. ब्रिटनमध्ये पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी भरती होता येतं, अठरापर्यंत लढाईवर धाडत नाहीत, आणि हे वय अठरा करा असं संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती सांगत आली आहे. अठरा पूर्ण होण्याआधी मुलगा सोडून जाऊ शकतो. नाही गेला, तर सैन्यातली किमान चार वर्षं अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. म्हणजे सोळाव्या वर्षी आलेला, अठराव्या वर्षी आलेल्यापेक्षा जास्त काळ बांधला जातो. गटात हा विषय मी काढला तेव्हा सगळे चहाकडे वळले.

नाशिकला तरी हा विषय कुठे नवा आहे? हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे 1931 मध्ये इटलीत मुसोलिनीला भेटले, मुलांना लष्करी वळण लावणाऱ्या त्याच्या फॅसिस्ट बलिल्ला संघटनेचं काम पाहून आले, आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालं. गुलाम देशातल्या पोरांना सैन्यात अधिकारी होता यावं, ही गरजही तेव्हा खरीच होती. या दोन गोष्टी एका दमात बोलायला आपल्याकडे कोणी तयार नसतं. कोणी पहिली सांगतो, कोणी दुसरी. आज अग्निवीर साडेसतराव्या वर्षापासून भरती होतो, आणि त्यावरचे आपले वाद चार वर्षांनंतरच्या नोकरीभोवतीच फिरतात.

कादंबरीवर मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय. जॉन केसल या लेखकाने 2004 साली आक्षेप घेतला की कार्ड पाप-पुण्याचा हिशेब फक्त हेतूवर करतो, म्हणून एन्डर कितीही संहार करून निर्दोष सुटतो. आक्षेप बिनतोड आहे, पण तो पोरावर जरा जास्तच रेंगाळतो, असं मला वाटतं. एन्डरच्या हातून दोन मुलं मारामारीत मरतात, स्टिल्सन आणि बोन्झो. ती मेली हेही त्याच्यापासून लपवलेलं असतं. ग्राफवर पुढे खटला चालतो आणि तो सुटतो. वाचक मात्र एन्डर दोषी की निर्दोष यावर घसा फोडत बसतात, इथेही आणि तिथेही, आणि ग्राफ मागच्या दाराने पेन्शन घेऊन निघून जातो!

लेखकाने नंतरच्या प्रस्तावनेत लिहिलंय की हुशार मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या एका समुपदेशक बाईंना पुस्तक मुळीच आवडलं नाही, अशी मुलं असं बोलत नाहीत असं त्यांनी कळवलं. उलट तशाच मुलांना ते आपलं वाटलं. मला दोन्ही खरं वाटतं. दहा वर्षांच्या पोराला एन्डरचा एकटेपणा कळतो. त्याला कळत नाही तो ग्राफचा हिशेब, आणि तो समजावून सांगणं हे क्लासवाल्याचं काम होतं. त्याने भिंतीवरची क्रमवारी तेवढी शिकवली.

हे मी त्याला फोनवर सुनावलं. तो लगेच म्हणाला, ‘‘तुझा पोरगा सोळाचा झाला की त्या हॅरोगेटच्या कागदावर सही करशील?’’ नाही करणार. ‘‘आणि नाशिकला असतास तर माझ्या क्लासला घातला असतास की नाही?’’

घातला असता. फी भरून, वर रविवारी जादा तास घ्या म्हणून मागेही लागलो असतो. पण मग त्याला ग्राफबद्दल कोणी सांगायचं, हा प्रश्न त्याला विचारला तर म्हणतो, ते सिलॅबसमध्ये नाही.