केंद्रक न फोडताही आत डोकावता येतं

फिरत फिरत आलेल्या एका संदेशातली ही तीन वाक्यं: ‘अणूच्या केंद्रकात काय आहे हे कळायला ते फोडावंच लागतं. त्यासाठी कित्येक किलोमीटरचे कणत्वरक (कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं) लागतात. अणुभट्टीतून मिळते ती फक्त वीज, बॉम्ब आणि घातक गॅमा किरण.’

फोडण्याचं चित्र अणुभट्टीचं इंधन असलेल्या युरेनियम-२३५ मुळे डोक्यात बसलंय. पण मंद न्यूट्रॉन गिळल्यावर हे युरेनियमसुद्धा साधारण सातांतल्या एका वेळी फुटत नाही. गॅमा किरण सोडून गप्प बसतं. सिलिकॉन, गंधक, प्लॅटिनम यांच्या बाबतीत तर मंद न्यूट्रॉनने फुटण्याचा प्रश्नच नाही.

दुसरं वाक्य जास्त फसवं आहे, कारण ‘जोर लावला की कळतं’ हे पटकन पटतं. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे केंद्रक त्याला अडवत नाही. अणुभट्टीत मंदावलेला न्यूट्रॉन सेकंदाला २२०० मीटर वेगाने येतो. त्याची ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे अणूच्या जगातलं ऊर्जेचं माप), म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तरी तो आत स्थिरावला की बहुतेक केंद्रकांत सहा ते नऊ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (मेगा म्हणजे दहा लाख) ऊर्जा मोकळी होते, त्याने आणलेल्या ऊर्जेच्या कोट्यवधी पट. विहिरीत दगड अलगद सोडला तरी तळाशी दणका बसतोच, तसं. ही ऊर्जा घेऊन केंद्रक पायरी पायरीने खाली उतरतं आणि प्रत्येक पायरीला एक गॅमा किरण सोडतं. पायऱ्यांची उंची मोजली की जिना कळतो; हा जिना म्हणजेच केंद्रकाची रचना. शिवाय न्यूट्रॉन स्वतः काहीच आणत नाही, म्हणून जिन्याची सगळ्यात वरची पायरी नेमकी कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं. वेगवान माऱ्यात धडकलेलं केंद्रकच पळत सुटतं आणि त्याच्या किरणांची ऊर्जा डॉप्लर परिणामाने, म्हणजे त्या पळण्यामुळेच, सरकते. इथे मंदपणा हीच खुबी.

हायड्रोजनचा जिना एका पायरीचा: २२२३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यात केंद्रक मागे रेटलं जाताना गेलेले सुमारे १.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट मिळवा, की प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडीची बंधनऊर्जा, म्हणजे ती जोडी सोडवायला लागणारी ऊर्जा, हातात.

आणि ‘घातक गॅमा किरण’? घातक असतात, म्हणून तर जाड भिंती बांधतात. पण ते नुसतं प्रारण नव्हे. फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या लाउए-लांजव्हँ संस्थेतल्या अणुभट्टीवर स्फटिकांनी त्यांची तरंगलांबी मोजतात. तिथे मोजलेले सिलिकॉन आणि गंधकाचे गॅमा किरण, आणि अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात मोजलेला न्यूट्रॉन गिळण्याआधीच्या आणि नंतरच्या वस्तुमानांचा फरक, यांचा मेळ घालून २००५ मध्ये आइनस्टाइनचं ऊर्जा-वस्तुमानाचं समीकरण तपासलं गेलं. कोटीत चार-पाच भागांच्या मर्यादेत ते बरोबर निघालं.

मला मात्र १९७८ ची प्लॅटिनम-१९६ ची गोष्ट जास्त आवडते. आरिमा आणि याकेलो या भौतिकशास्त्रज्ञांच्या सिद्धांतात केंद्रकाची एक खास सममिती कागदावर होती. तिच्यात केंद्रकाचा आकार एका साच्यात पक्का बसत नाही, डुलत राहतो. सिझेव्स्की, कॅस्टन आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम-१९५ ला न्यूट्रॉन खिलवून प्लॅटिनम-१९६ बनवलं, त्याच्या पायऱ्या मोजल्या, आणि त्या सिद्धांतातल्या नमुन्याशी जुळल्या. अशा ताडून पाहण्यात एकही पायरी निसटून चालत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत स्कँडियम किंवा लोखंडातून गाळलेले, २ आणि २४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन वापरत. त्यांत अनेक अनुनादांची (केंद्रक ज्या ऊर्जांचे न्यूट्रॉन विशेष सहज गिळतं, त्यांची) सरासरी होते आणि ठरावीक स्पिनच्या (केंद्रकाच्या फिरकीच्या) सगळ्या पातळ्या, म्हणजे पायऱ्या, दिसतात. एखादी दिसली नाही, तर ती बहुधा नाहीच!

अणुभट्टी म्हणजे वीज किंवा बॉम्ब, याला उत्तर ट्रॉम्बेतच आहे. १९८५ पासूनच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतून प्लुटोनियम मिळतं हे खरं, पण ती विजेसाठी नाही, आणि तिच्या न्यूट्रॉन झोतात ठेवलेल्या नमुन्याच्या गॅमा किरणांवरून त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत तेही ओळखतात.

संदेशाला एवढं देतो: क्षणभंगुर केंद्रकांचं किंवा खूप जास्त स्पिनच्या पातळ्यांचं कोडं न्यूट्रॉन गिळवून सुटत नाही. ज्याचा नमुना बनवून झोतात ठेवता येईल, त्याचीच ही पद्धत. त्या कोड्यांना बहुतेकदा कणत्वरकच हवा.